लेर्शन सभागृहातली तिसरी घंटा

१

त्या रविवारी मध्यंतर संपल्याची घंटा वाजली नाही, आणि व्हिएन्नातली सहाशे शहाणीसुरती माणसं तळमजल्यावर साखर भुरभुरलेले तळलेले गोड पाव, म्हणजे क्राफन, खातच राहिली. वर रंगमंचावर सत्तर वादक वाद्यं लावून बसलेले, संचालक हातात छडी घेऊन उभा, आणि समोर रिकाम्या खुर्च्या. बिचाऱ्याला वाटलं, पहिल्या भागात आपण एवढं वाईट वाजवलं?

बाहेरच्यांनी हसू नये. लेर्शन सभागृहात घंटेशिवाय आत जायची रीतच नव्हती. पहिली घंटा झाली की कॉफीचा घोट संपवायचा, दुसरीला मिशीवरची साखर पुसायची, तिसरीला जिना चढायचा. युद्धात बॉम्बने छताला भगदाड पडलं, तेव्हासुद्धा लोक अंगावर बर्फ घेत तिसऱ्या घंटेची वाट बघत खालीच थांबले होते म्हणे. सांगणारे तेव्हा तिथे होते का, हे मात्र विचारू नये.

जिन्याच्या पायथ्याशी कोटखाना होता. तिथे एक्केचाळीस वर्षं हर्मिना स्लाडेक बसायच्या. लोकांचे कोट घ्यायचे, पितळी बिल्ला द्यायचा, गाणं संपलं की बिल्ला घेऊन कोट द्यायचा. माणसांचे चेहरे त्यांना आठवत नसत, कोट आठवत. कोटाला हात लावला की मालकाची बायको माहेरी गेली आहे की परत आली, हे त्या सांगत. एक्केचाळीस वर्षांत इथलं संगीत त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण सहाशे ओल्या कोटांच्या आडून. आत उभं राहून एक सूरही नाही. आत गेलं तर कोट कोण सांभाळणार?

घड्याळात पंधरा मिनिटं जास्त झालेली पाहून स्लाडेकबाई उठल्या आणि जिना चढल्या. वर, सभागृहाच्या मागच्या दाराजवळ, फर्डिनांड वेसेली आपल्या स्टुलापाशी उभे होते. अडतीस वर्षं तेच घंटा वाजवत. त्यांचा उजवा हात हवेत होता, भिंतीवरच्या खुंटीपाशी.

खुंटी रिकामी होती.

"स्लाडेकबाई," ते म्हणाले, "माझी घंटा कोणीतरी नेली."

२

व्यवस्थापक डॉक्टर होलेरर धावत आले आणि त्यांनी चक्क टाळ्या वाजवून लोकांना वर हाकललं. लोक गेले, पण तोंडं अशी करून, की जणू कोणी त्यांना शिट्टी मारून बोलावलं होतं.

मग होलेरर वेसेलींकडे वळले. "काय हो, केलंत ना शेवटी मनासारखं?"

"मी?"

"उद्यापासून सभागृह दुरुस्तीसाठी बंद. उघडेल तेव्हा विजेची घंटा. जुनी घंटा, जुने दिवे, सगळं उद्या भंगारवाला नेणार. हे ऐकून तुम्ही परवा माझ्या टेबलावर मूठ आपटली होतीत. 'माझ्या जिवंतपणी नाही' कोण म्हणालं होतं?"

"मीच म्हणालो. पण साहेब, पियानोचा संथ भाग चालू असताना तुम्हीच मला वर तुमच्या खोलीत बोलावलंत. मी तुमच्यासमोर बसलो होतो."

"यायच्या आधी लपवली असेल!" होलेररनी खिशातून घड्याळ काढलं. "सरकारी यादीतली वस्तू आहे ती. कार्यक्रम संपेपर्यंत मुदत. शेवटचा कोट बाहेर पडायच्या आत घंटा खुंटीवर आली नाही, तर मी पोलिसांना बोलावतो. अडतीस वर्षांची नोकरी तुम्ही त्यांच्या गाडीत बसून संपवा."

ते तरातरा खाली गेले. वेसेली स्टुलावर बसले. आज त्यांचा नोकरीतला शेवटचा रविवार होता. गणवेशाची बटणं सकाळी त्यांनी खडूने घासली होती.

"बाई, तुम्हाला तरी वाटतं का, मी...?"

"वेसेली, तीस वर्षं आपण एका थर्मासमधून कॉफी पितो आहोत. तुम्ही साखरेचा खडासुद्धा विचारल्याशिवाय उचलत नाही." बाईंनी चष्मा लावला. "बाजूला सरा. मला खुंटी बघू दे."

त्या घंटेचा स्वभाव वाईट होता. लाकडी मूठ, पितळी पोट, आणि जीभ अशी चुरचुरीत की नुसती उचलली तरी बोलायची. शेजारी कोणी शिंकलं तरी किणकिणायची. आणि आज ती पियानोच्या संथ भागात उचलली गेली. एवढी शांतता की सहाशे माणसांचा श्वास मोजावा. आत कोणी ऐकली नाही, खाली जिन्याशी बसलेल्या बाईंनीही नाही.

"म्हणजे चोराने आधी तिची जीभ बांधली," बाई पुटपुटल्या. "खुंटीवर असतानाच."

खुंटीच्या टोकाला काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरलं. करड्या लोकरीचा एक धागा. मऊ, जुना, पुष्कळ वेळा धुतलेला.

३

"ती नाव्रातिल!" वेसेली एकदम म्हणाले. "उपाहारगृहवाली. घंटा झाली की गिऱ्हाईक पळतं म्हणून तीस वर्षं मला शिव्या देते. मागच्या जिन्याने आली असेल!"

बाई खाली गेल्या. नाव्रातिलबाई रिकाम्या ताटांकडे कौतुकाने बघत होत्या.

"काय गं हर्मिना, बघतेस काय? एकशे दहा क्राफन जास्त गेले! रोज हरवू दे मेली ती घंटा!"

"तू नेलीस का?"

"मी? त्या संथ भागात मी पीठसाखर भुरभुरवत होते. हे बघ." त्यांनी दोन्ही हात पुढे केले. कोपरापर्यंत पांढरे. कपाळ, केस, कानाची पाळीसुद्धा पांढरी. त्या जिथे टेकत तिथे साखरेचा शिक्का उठत असे. नवऱ्याच्या पाठीवर तो कायमचा उठला आहे, अशी शहरात वदंता होती.

खुंटी मात्र स्वच्छ होती. साखरेचा कण नाही.

"जा तू," स्लाडेकबाई म्हणाल्या. "तुझा लोभ मोठा आहे, पण एवढा नाही."

"वेसेलीचं काय करतोय तो होलेरर?" नाव्रातिलबाईंचा आवाज अचानक उतरला. "शिव्या देते मी त्याला, खरं. पण घंटेशिवाय मला कळणार कसं, कधी ओरडायचं ते?"

जिन्याशी आल्यावर स्लाडेकबाई थांबल्या. पहिला भाग चालू असताना हा जिना कोणी चढलं नव्हतं की उतरलं नव्हतं. शपथेवर सांगता आलं असतं. मागचा जिना उतरतो तो थेट नाव्रातिलच्या भट्टीपुढे, आणि तिच्या नजरेतून मुंगीही सुटत नसे. म्हणजे चोर वरचाच होता.

आणि लोकर? बाहेर उणे बारा होतं. सहाशे माणसांकडे सहाशे मफलर होते. पण खुर्चीत बसणाऱ्यांचे मफलर खाली, कोटांच्या बाहीत. ते कोंबले होते खुद्द बाईंनीच. होलेररचा मफलर रेशमी, वेसेलींकडे मफलरच नाही. वरच्या मजल्यावर लोकर होती ती एकाच ठिकाणी.

उभ्यांच्या कठड्यावर.

४

सभागृहाच्या मागच्या बाजूला, खुर्च्या संपतात तिथे, लाकडी कठडा होता. त्याच्यामागे साठ माणसं उभं राहून ऐकत. तिकीट कॉफीपेक्षा स्वस्त, पण कान असे की वादक खुर्चीवाल्यांना नव्हे, त्यांना घाबरत. त्यांची एकच रीत होती. दार उघडलं की आत जायचं, आपला मफलर कठड्याला बांधायचा, की ती जागा आपली. मग बाहेर जा, सॉसेज खा, लग्न करून या. मफलर असेपर्यंत तिथे दुसरा पाय टाकणार नाही. एकतीस साली एक ग्रंथपाल मफलर बांधून बाहेर गेला तो बाहेरच वारला. त्याची जागा पुढचे तीन रविवार तशीच ठेवली होती, गर्दी असूनही. शेवटी त्याच्या बहिणीने येऊन मफलर सोडला.

लोक आत स्थिरावत होते, वाद्यं पुन्हा जुळत होती. बाई दारातच थबकल्या, कारण दारापलीकडे त्या कधी गेल्या नव्हत्या. दाराजवळच कुबिनबाई उभ्या असत. पियानो शिकवायच्या, स्वभाव लिंबासारखा.

"कुबिनबाई, संथ भागात इथून कोणी बाहेर गेलं होतं का?"

"इथून? संथ भागात?" जणू कोणी देवळात थुंकलं का, असं विचारलं होतं. "सगळे जागेवर होते. माझ्या डावीकडे ट्रामवाले लेख्नर, उजवीकडे होफ्राट प्रोहास्का. वीस वर्षं अशीच रांग आहे."

"पाहिलंत तुम्ही?"

"बघायचं काय त्यात? त्यांचा हिरवा मफलर समोर होता."

"पण त्यांना पाहिलंत का?"

"स्लाडेकबाई, मी इथे ऐकायला येते. संथ भागात डोळे उघडे ठेवणारी बाई मी नव्हे."

होफ्राट प्रोहास्का बाहत्तर वर्षांचे. दरबाराचा सल्लागार, असा 'होफ्राट' या पदवीचा अर्थ. सम्राट जाऊन त्रेपन्न वर्षं झाली होती, दरबार उठला होता, पण व्हिएन्नाने पदवी ठेवून घेतली, कारण चांगली वस्तू टाकायची नसते. चाळीस वर्षं ते वजनमापं खात्यात होते. त्यांच्या हिरव्या मफलरशेजारी नेहमी दुसरा बांधलेला असे, त्यांच्या पत्नी पोल्डीबाईंचा. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. तरी तिचा मफलर ते दर रविवारी बांधत, आणि साठ माणसांच्या रेटारेटीत ती एक जागा रिकामी राही. कोणी कधी बोललं नाही. बाहेरचा कोणी सरकू लागलाच, तर लेख्नर नुसतं खाकरत.

"होफ्राटसाहेब," स्लाडेकबाई दारातूनच म्हणाल्या, "आज पुस्तक उघडलं नाहीत?"

होफ्राट नेहमी स्वरलिपीचं जाडजूड पुस्तक पिशवीतून काढत आणि वादकांच्या चुका पेन्सिलीने टिपत. आज पेन्सिल खिशात होती. चामडी पिशवी पायाशी, पोल्डीबाईंच्या जागेवर, बंद.

"आता पाठ झालंय, बाई," ते म्हणाले, पण बाईंकडे न बघता. "घंटा सापडली का?"

"शोधतेय."

दिवे मंदावले. दार लोटताना बाईंची नजर कठड्यावर गेली. हिरवा मफलर होता. त्याच्या शेजारी कठड्याचं लाकूड उघडं होतं. वर्षानुवर्षांच्या गाठीने गुळगुळीत झालेलं, आणि आज रिकामं.

आणि तरी त्या जागेवर कोणी उभं नव्हतं. साठांपैकी एकालाही दिसलं नव्हतं, की दुसरा मफलर तिथे नाहीच.

५

खाली कोटांमध्ये बसून स्लाडेकबाईंनी दुसरा भाग ऐकला. तासाभराचा होता. तुताऱ्या आल्या म्हणजे वीस मिनिटं झाली, बासऱ्या आल्या म्हणजे पस्तीस. डोकं मात्र सकाळी दहा वाजता जाऊन बसलं होतं.

दहाला होफ्राटनी कोट दिला होता, आणि बाई म्हणाल्या होत्या, "आज कोट जड लागतोय, साहेब!"

"म्हातारा झालाय," ते म्हणाले होते. "मालकाच्या मागोमाग."

सात नंबरचा कोट. बाई उठल्या. लोकांच्या खिशात हात घालणं त्यांच्या धंद्यात पाप होतं. म्हणून त्यांनी हात घातला नाही, बाहेरून चाचपलं. आतल्या खिशात चौकोनी, जाड काहीतरी होतं. पुस्तक.

पुस्तक कोटात, तर मग पिशवीत जागा कशासाठी केली होती?

वर शेवटचा झंकार झाला. टाळ्यांचा पाऊस सुरू झाला. बाहेरच्या दारापाशी होलेरर टेलिफोनवर हात ठेवून उभे होते, आणि त्यांच्या शेजारी वेसेली, टोपी काखेत, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

बाईंना पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला हे कळलं नसतं तर बरं झालं असतं.

६

कोट जाऊ लागले, पण वेसेलींचं काय होतं ते बघायला सगळे दाराच्या आतच रेंगाळले. उभे लोक नेहमीप्रमाणे शेवटी उतरले. होफ्राटनी बिल्ला पुढे केला. बाईंनी कोट आणला, पण टेबलावर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवले.

"होफ्राटसाहेब," त्या हळूच म्हणाल्या, "पुस्तक कोटात आहे. मग पिशवीत काय आहे?"

होफ्राटनी पिशवी छातीशी धरली.

"ते बघा, वेसेली तिकडे उभे आहेत. पोलिसांची वाट बघत. चोरी त्यांच्या नावावर आहे."

"वेसेलींच्या?" म्हाताऱ्याचा चेहरा कागदासारखा झाला. "त्यांचा काय संबंध? ते तर वर होते, मी पाहिलं होतं, म्हणूनच तर..." ते थांबले. मग पाठ ताठ केली, पिशवी टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डॉक्टर होलेरर! टेलिफोन खाली ठेवा. घंटा मी चोरली."

बाकीचे लोक अर्धा हात बाहीत घालून थिजले. होफ्राटनी पिशवीतून एक गाठोडं काढलं. करड्या मफलरचा एक वेढा सोडला, दुसरा सोडला, आतून घंटा निघाली आणि स्वभावाप्रमाणे लगेच किणकिणली.

"तुम्ही?" होलेरर ओरडले. "अहो, मागितली असतीत तर दिली नसती का?"

"तीन अर्ज केले. तुमच्या कार्यालयाने तिन्ही वेळा कळवलं, अर्ज विचाराधीन आहे. मी चाळीस वर्षं तेच उत्तर लिहीत होतो, साहेब. त्याचा अर्थ मला ठाऊक आहे."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण होफ्राट आता फक्त बाईंशी बोलत होते.

"चोवीस साली मी पहिल्यांदा इथे उभा राहिलो. शेजारी जागा होती. तिसरी घंटा झाली आणि एक मुलगी धापा टाकत आली, करडा मफलर कठड्याला बांधला आणि मला म्हणाली, 'सरका जरा, केवढी जागा अडवलीत!' पुढे चव्वेचाळीस वर्षं ती तिसऱ्या घंटेलाच आली. घरून बरोबर निघायचो, तरी वाटेत तिला कोणीतरी भेटायचंच. मी वर, दाराकडे बघत. अजून बघतो. तिसरी घंटा झाली की बघतो." त्यांनी मफलरची घडी घातली. "ती भंगारात गेली, तर पोल्डीला कळणार कसं, आत यायची वेळ झाली ते?"

कुबिनबाई अचानक पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या.

"पण मध्यंतराच्या आधी का नेलीत?" वेसेली म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, धंद्यातला प्रश्न होता. "दुसऱ्या भागाची तिसरी घंटा राहिली ना!"

"तुम्ही स्टूल सोडलंत तेवढ्याच वेळात, म्हणून. वजन मोजलं होतं, अंतर मोजलं होतं, हेच राहिलं. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण असल्या चोरीची सवय नव्हती." ते वेसेलींपुढे वाकले, दरबारात वाकावं तसे. "मला माफ करा."

सगळ्यांचे डोळे होलेररवर होते. सहाशे माणसं, आणि प्रत्येकाची नजर उणे बारा. होलेरर घसा खाकरत म्हणाले, "वेसेलीसाहेब, मी तुम्हाला चोर म्हणालो. सगळ्यांसमोर ते परत घेतो." मग होफ्राटकडे वळून, "आणि अर्ज मंजूर. तिन्ही. घंटा तुमची."

"मला नको," होफ्राट म्हणाले. "वेसेलींना द्या. वाजवणारा नसेल तर ते नुसतं एक किलो आठशे चाळीस ग्रॅम पितळ आहे."

वेसेलींनी घंटा हातात घेतली. बटणं सारखी केली, टोपी घातली.

"अडतीस वर्षांत एक घंटा चुकली नव्हती," ते म्हणाले. "आज तीन राहिल्यात. परवानगी असो वा नसो."

पहिली घंटा झाली. लोक बोलायचे थांबले. दुसरी झाली, आणि कित्येकांनी नकळत मिशीवरून हात फिरवला. तिसरी झाली.

इथून पुढे व्हिएन्नात कोणाला खोटं वाटत नाही, बाहेरच्यांना वाटलं तर वाटो. ती सहाशे माणसं, कोणाचा कोट अर्धा, कोणाची टोपी उलटी, वळली आणि जिना चढू लागली. सर्वांत पुढे डॉक्टर होलेरर. आणि वादकांच्या खोलीत पेट्या बंद करत असलेल्या सत्तर जणांनी तिसरी घंटा ऐकली, आणि तेही, विचार न करता, वाद्यं घेऊन रंगमंचावर येऊन बसले. संचालक आला, त्याने भरलेलं सभागृह पाहिलं आणि यावेळी त्याने कारण विचारलं नाही. त्याने पियानोवाल्याकडे बघून मान हलवली. संथ भाग.

कोटखान्यात स्लाडेकबाई एकट्या उरल्या होत्या. नाही, होफ्राट अजून जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते.

"बाई, चला."

"मी? कोट?"

"सगळे मालक वर आहेत. चोर माझ्याखेरीज कोणी नाही, आणि मीही वर चाललो." त्यांनी करडा मफलर पुढे धरला. "माझ्या शेजारची जागा रिकामी आहे."

बाईंनी हात एप्रनला पुसले. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्या दारापलीकडे गेल्या. साठ माणसांनी वाट दिली. लेख्नर खाकरले नाहीत. होफ्राटनी हिरवा मफलर बांधला, आणि त्यांच्या शेजारी, लाकूड गुळगुळीत झालं होतं नेमकं तिथे, स्लाडेकबाईंनी करडा बांधला. गाठ नीट बसेना.

"सरका जरा," त्या कुजबुजल्या. "केवढी जागा अडवलीत."

होफ्राट सरकले. त्या दिवशी त्यांनी दाराकडे पाहिलं नाही.